वाचक विचारतात : दहाचं वर्तुळ, हवा, छर्रे आणि काडतुसं

शालेय आणि जिल्हा स्पर्धांचे दिवस जवळ आले की पिस्तूल नेमबाजीवरची पत्रं वाढतात. या वेळी मराठवाड्यातून आलेली निवडक पत्रं घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं दिलं आहे. बहुतेकांनी ‘कोणतं घेऊ?’ असं विचारलंय आणि आमची उत्तरं बऱ्याचदा ‘आधी हे मोजा’ अशी निघाली. या खेळात मिलिमीटर आणि ग्रॅममध्ये जे मोजता येतं, त्याबद्दल अंदाजाने बोललं की पैसे जातात आणि हंगामही जातो.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. वर्षभरापासून क्लबच्या पिस्तुलावर १० मीटर एअर पिस्तूल खेळते. ६० शॉटमध्ये (६०० पैकी) ४९० ते ५०५ यांच्यामध्ये अडकली आहे. ‘हात हलतो’ म्हणते. दोन लाखांचं नवं पिस्तूल घेऊन दिलं तर फरक पडेल का?
– एक पालक, सेलू (जि. परभणी)

आत्ता घेऊ नका. हात सगळ्यांचाच हलतो, ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभ्या राहणाऱ्यांचाही हलतो. तुमच्या मुलीचे गुण बहुधा हात हलल्यामुळे जात नाहीत, साइट्स (ज्यांतून नेम धरतात त्या पिस्तुलावरच्या पुढच्या म्हणजे फ्रंट आणि मागच्या म्हणजे रिअर खुणा) एकमेकींपासून सरकल्यामुळे जातात. हे आकड्यांत बघा.

एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी असतो. छर्रा ४.५ मिमीचा, आणि भोकाची कड रेषेला नुसती लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमी दूर गेला तरी दहा मिळतात. आता दोन चुका शेजारी ठेवा. पहिली : फ्रंट साइट आणि रिअर साइट अगदी एका रेषेत आहेत, पण अख्खा हात डोलतोय आणि रोख टार्गेटवर ५-६ मिमी इकडेतिकडे होतोय. छर्राही तेवढाच, ५-६ मिमीच सरकेल. दहा गुण. दुसरी : हात दगडासारखा स्थिर आहे, पण ट्रिगर ओढताना मनगट जरासं वळलं आणि फ्रंट साइट रिअरच्या खाचेत पाव मिलिमीटर डावीकडे गेली. दोन्ही साइट्समधलं अंतर साधारण ३३ सेंमी असतं, टार्गेट १० मीटरवर. पाव मिलिमीटरची चूक तिथे पोचेपर्यंत साडेसात मिलिमीटरची होते. खाचेतली चूक पाऊण मिलिमीटर झाली की छर्रा सव्वादोन सेंमी बाहेर, म्हणजे थेट आठच्या घरात. आणि ही चूक शॉट सुटण्याच्या ऐन क्षणी होते, त्यामुळे तिला ती दिसत नाही. तिला फक्त डोलणारा हात दिसतो आणि ती त्यालाच दोष देते.

खात्री करून घ्यायची असेल तर तिचे मागचे दहा-बारा कागद टेबलावर पसरा. उजव्या हाताने नेम धरत असेल आणि वाईट शॉट घड्याळातल्या सात-आठच्या दिशेला, खाली डावीकडे, जमत असतील तर ती ट्रिगर झटक्याने ओढते आहे किंवा त्या क्षणी सगळी मूठ आवळते आहे. शॉट उभ्या ओळीत वरखाली पसरले असतील तर काळ्या वर्तुळाखाली ती जी पांढरी फट सोडते, ती दर वेळी वेगळी राहते आहे. शिवाय दमलेला खांदा आणि श्वास हेही बघावं लागेल. शॉट छान एकत्र जमले आहेत पण सगळेच एका बाजूला आहेत, असं दिसलं तर आधी उभं राहणं तपासा. डोळे मिटून पिस्तूल उचलायचं, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. रोख आपोआप टार्गेटच्या रेषेत आला पाहिजे. नसेल तर मागचा पाय सरकवून सगळं अंग फिरवायचं. हात किंवा मनगट ओढून रोख जुळवला की तो साठ शॉट टिकत नाही. एवढं करूनही शॉट बाजूलाच पडले तरच साइटचा स्क्रू फिरवायचा.

सरावाचं असं ठेवा. रोज २५-३० मिनिटं ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर ओढणं. बहुतेक मॅच पिस्तुलांना त्यासाठी वेगळी सोय असते, क्लबच्या पिस्तुलाला ती आहे का ते आधी विचारा. स्प्रिंगच्या साध्या पिस्तुलात छऱ्याविना ट्रिगर ओढला तर पिस्टन आतून आपटतो आणि सील फाटतं, त्यामुळे त्यावर हा सराव नको. पहिले २० शॉट कोऱ्या पांढऱ्या कागदाकडे, टार्गेट नकोच. नजर फ्रंट साइटच्या वरच्या कडेवर. खटका पडला त्या क्षणी ती कड हलली का, एवढंच बघायचं. हलली तर तो शॉट धरायचा नाही. सलग दहा न हलता झाले की मग टार्गेट लावायचं, आणि तेव्हाही नजर फ्रंट साइटवरच ठेवायची. काळं वर्तुळ धूसर दिसलं पाहिजे. ते स्पष्ट दिसत असेल तर नजर चुकीच्या जागी आहे.

रोख स्थिरावल्यापासून पाच ते आठ सेकंदांत शॉट सुटावा. दहा-बारा सेकंद झाले तरी सुटला नाही तर पिस्तूल खाली घ्यायचं. हा नियम मुलांना सगळ्यांत जड जातो, आणि आमच्या मते सगळ्यांत जास्त गुण त्यातच आहेत. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉटला ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. प्रत्येक शॉटला एकदा पिस्तूल खाली घेतलं तरी वेळ पुरतो. छर्रे घालून आठवड्यात तीन दिवस ४० शॉट पुरेत, आणि आठवड्यातून एकदा पुरा सामना, घड्याळ लावून. दहावीचं वर्ष आहे, तेव्हा याहून जास्त नको.

पिस्तुलाआधी ग्रिप बघा. क्लबचं पिस्तूल चार हातांत फिरतं आणि त्याची ग्रिप बहुधा मोठ्या माणसाच्या हाताची असते. ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत वेगळी मिळते आणि पिस्तुलाच्या मानाने बरीच स्वस्त पडते. तळहाताला खडूची पूड लावून ग्रिप धरा आणि सोडा. पूड जिथे उमटली नाही तिथे पोकळी आहे. ती लाकडाच्या पुट्टीने थोडी थोडी भरायची, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासायची. मनगटाचा सांधा मोकळा राहिला पाहिजे आणि हाताखालची फळी ९० अंशांपेक्षा आत वळता कामा नये, नाहीतर तपासणीत अडकेल. क्लबची ग्रिप मात्र विचारल्याशिवाय घासू नका.

प्रश्न : आमच्या गावात पिस्तुलाचा दाबलेल्या हवेचा सिलिंडर भरून मिळत नाही. वेल्डिंगवाल्याकडे १५० बारची (बार म्हणजे दाबाचं एकक) ऑक्सिजनची टाकी आहे. त्यातून भरता येईल का? की पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर चालेल?
– वसमत (जि. हिंगोली)

ऑक्सिजन कधीही, कोणत्याही परिस्थितीत भरू नका. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन ग्रीसच्या किंवा तेलाच्या थेंबालाही पेटवू शकतो. पिस्तुलातल्या ओ-रिंगना, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांना, ग्रीस लावलेलं असतं, आणि झडप उघडताना वायू एकदम दाबला जाऊन तापतो. सिलिंडर फुटला तर तो तोंडापासून हातभरावर असतो. हे उत्तर वसमतपुरतं नाही. हीच शंका अनेक गावांतून येते, म्हणून क्लबच्या भिंतीवर लिहून ठेवा.

पंक्चरवाल्याचा कंप्रेसर फार तर ८-१० बार देतो. पिस्तुलाला २०० बार लागतात, तेव्हा तो विषय संपला.

उरतात दोन रस्ते. पहिला हातपंप, या कामासाठीच बनवलेला तीन टप्प्यांचा. त्याने २०० बारपर्यंत जाता येतं, पण सिलिंडर रिकामा होऊ देऊ नका. दाब १०० च्या आसपास आला की भरायला घ्या. पाच मिनिटं पंप मारला की तेवढाच वेळ थांबा. पंप तापतो, तापलेल्या हवेतली वाफ आत जाते आणि थंड झाल्यावर पाणी होऊन बसते. थांबताना दाब सोडणारा स्क्रू उघडून साचलेलं पाणी उडवून द्यायचं. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असते, तेव्हा त्रास कमी. जुलै ते सप्टेंबर मात्र पंपाच्या हवा ओढायच्या तोंडाला सिलिका जेलचा फिल्टर हवाच, आणि जेलचा रंग बदलला की ते बदला. पंपाला शिलाई मशीनचं किंवा सायकलचं तेल घालू नका. दाबाखाली त्याची वाफ पेट घेते आणि ओ-रिंगही फुगते. कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस, तेही नखावर मावेल इतकंच.

दुसरा रस्ता म्हणजे पाण्याखाली उतरणारे (स्कूबा डायव्हर) वापरतात ती श्वासाची हवा भरलेली मोठी टाकी. चार-पाच नेमबाजांनी मिळून एक टाकी ठेवली तर परवडते. मोठ्या शहरातून भरून आणायची, टाकीवर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीची) तारीख बघायची. टाकी ३०० बारची असेल आणि सिलिंडर २०० चा, तर झडप केसभर उघडा आणि डोळा गेजवर ठेवा. भराभर भरलं की सिलिंडर गरम होतो, गेज २०० दाखवतो, आणि थंड झाल्यावर दाब बराच उतरलेला दिसतो. सावकाश भरणं हाच उपाय.

उन्हाळ्याचं एक गणित लक्षात असू द्या. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर मे महिन्यात बंद गाडीत ठेवला आणि आत ६० अंश झाले, तर दाब २२३ बारच्या आसपास जातो. उन्हात गाडी उभी करायची असेल तर सिलिंडर पिस्तुलापासून काढून सोबत घ्या. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते. मुदत, बहुधा दहा वर्षांची, संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि ते बघण्याची जबाबदारी नेमबाजाची असते, आयोजकांची नाही. जुनं पिस्तूल विकत घेताना सगळ्यांत आधी ही तारीख वाचा.

प्रश्न : छर्रे ४.४९ चे घ्यावेत की ४.५० चे? प्रशिक्षक एक सांगतात, सीनियर मुलं दुसरंच.
– उदगीर (जि. लातूर)

दोघेही आपापल्या पिस्तुलापुरतं खरं सांगत असतील. हा आकडा छऱ्याच्या डोक्याचा व्यास आहे, आणि कोणत्या नळीला कोणतं डोकं बसेल हे झाडून बघितल्याशिवाय कळत नाही. मॅचसाठी सपाट डोक्याचे छर्रे लागतात, कारण ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात. टोकदार किंवा गोल डोक्याचे कागद फाडतात आणि गुण मोजताना भांडणं होतात. पिस्तुलाला हलके छर्रे, साधारण ०.४५ ते ०.५० ग्रॅमचे, ठीक.

तपासणी अशी करा. ४.४९, ४.५०, ४.५१ असा एकेक डबा चौघांत मिळून आणा. पिस्तूल टेबलावर वाळूच्या दोन पिशव्यांत पक्कं बसवा, किंवा शिकंज्यात फडकं लावून हलकं धरा. नळीवर मात्र दाब येता कामा नये. छऱ्याची जात बदलली की पहिले दहा शॉट सोडून द्या, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. मग पाच-पाच शॉटचे चार गट. गटातल्या सगळ्यांत लांबच्या दोन भोकांचं बाहेरच्या कडेपासूनचं अंतर मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. चारही गट जवळपास सारखे आणि लहान देणारा डबा निवडा. एकच गट फार सुंदर आणि बाकी तीन पसरट, असा डबा घेऊ नका. डब्यावरचा लॉट नंबर लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच लॉटचे पाच-सहा डबे एकदम घ्या.

आता खरी गोष्ट. मॅच पिस्तूल आणि मॅच छर्रे असले तर तीन मापांमधला फरक एखाद्या मिलिमीटरचा निघतो. ५४० च्या खाली खेळणाऱ्याला तो गुणांत दिसणार नाही. त्याला माप कोणतंही चालेल, फक्त दर महिन्याला बदलू नये. छर्रे एकेक करून तोलत बसण्यापेक्षा घागरा (छऱ्याचा मागचा पातळ घेर) वाकलेले छर्रे बाजूला काढा. तो वाकला तर छर्रा नक्की भरकटतो. डबा खिशात खुळखुळत न्यायचा नाही, त्यानेच घागरे वाकतात.

शिशाचं विसरू नका. सराव झाल्यावर साबणाने, थंड पाण्याने हात धुवा. रेंजवर खाणं नको, छर्रे तोंडात धरणं तर मुळीच नको.

प्रश्न : राज्य स्पर्धेत माझ्या पिस्तुलाचा ट्रिगर ५०० ग्रॅमला सुटला. घरी तपासला होता तेव्हा बरोबर होता. असं का?
– अंबाजोगाई (जि. बीड)

तपासणीत ट्रिगरने ५०० ग्रॅमचं वजन खटका न पडता पेलायचं असतं. ते पेललं नाही याची तीन कारणं संभवतात. घरचं वजन खरोखर ५०० ग्रॅमचं नव्हतं, किंवा ट्रिगर काठावर लावला होता, किंवा तपासण्याची रीत वेगळी होती.

वजन स्वतः बनवा. प्लॅस्टिकची छोटी बाटली, तारेचा आकडा, आत वाळू. सराफाच्या काट्यावर आकड्यासकट बरोबर ५०० ग्रॅम करून झाकण सील करा. किराणा दुकानाच्या काट्यावर ५-१० ग्रॅम इकडेतिकडे होतात आणि इथे तेवढ्यानेच घात होतो. तपासताना नळी सरळ वर, वजन टेबलावर, आकडा ट्रिगरच्या मध्यावर, जिथे बोट बसतं तिथे. पिस्तुलात हवा भरलेली आणि पिस्तूल कॉक केलेलं हवं. मग सावकाश, झटका न देता उचला. वजन टेबलावरून पूर्ण सुटून लोंबलं पाहिजे आणि खटका पडता कामा नये. आकडा ट्रिगरच्या टोकाकडे सरकला तर तरफ लांब होते आणि तोच ट्रिगर हलका भरतो. तुमच्या बाबतीत हेच झालं असण्याची शक्यता जास्त.

ट्रिगर ५०० वर नको, ५१५-५२० वर लावा. बोटाला तो फरक कळत नाही. स्क्रू फिरवल्यावर २०-३० ड्राय शॉट करा आणि पुन्हा तोला, कारण स्प्रिंग थोडी बसते. तपासणीच्या टेबलावर तीनदा संधी मिळते. त्यात न जमलं तर तिथेच स्क्रू फिरवावा लागतो, आणि त्या धांदलीत ट्रिगरच्या पहिल्या टप्प्याची ओढ (खटका पडण्याआधीची हलकी ओढ) बिघडली तर सगळा सामना बिघडतो.

सोबत काय न्यावं हेही तुम्ही विचारलंय. आपल्या पिस्तुलाच्या ॲलन की, ओ-रिंगचा एक संच, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर नवी बॅटरी, दुसरा भरलेला सिलिंडर आणि वजनाची बाटली. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीत ऐन वेळी बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. पॅरिसला २०२४ मध्ये तिने याच प्रकारात कांस्यपदक घेतलं. साहित्य कोणाचंही बिघडू शकतं, म्हणून बिघाड झाल्यावर रेंज ऑफिसरला हात वर करून कसं सांगायचं आणि पिस्तूल सुरक्षित कसं ठेवायचं, याचीही क्लबमध्ये एकदा तालीम करा.

प्रश्न : परदेशी व्हिडिओंत नेमबाज घरीच काडतुसं पुन्हा भरताना दिसतात. २५ मीटरसाठी .२२ आणि .३२ ची काडतुसं महाग पडतात. इथे तसं करता येईल का?
– छत्रपती संभाजीनगर

.२२ चं काडतूस पुन्हा भरण्याजोगं नसतंच. त्यात वेगळी टोपी (पिन आपटल्यावर पेटणारा सुटा भाग) नसते. पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या तळाच्या कडेत, आतून पसरलेलं असतं, आणि घोड्याची पिन ती कड चेपते. एकदा चेपलेली कड पुन्हा वापरता येत नाही. स्पोर्ट्स पिस्तूल, स्टँडर्ड आणि रॅपिड फायर हे प्रकार .२२ वरच चालतात, तेव्हा तुमचा निम्म्याहून जास्त प्रश्न इथेच संपतो.

.३२ चं सेंटर फायरचं काडतूस तांत्रिकदृष्ट्या पुन्हा भरता येतं : पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी असे चार सुटे भाग. पण परवान्याशिवाय दारूगोळा बनवायला आर्म्स ॲक्ट १९५९ चं कलम ५ मनाई करतं, आणि दारू बाळगायला स्फोटकांचा कायदा वेगळा. व्हिडिओ बघून घरात हे करायचा विचार सोडून द्या.

कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. टार्गेटच्या .३२ काडतुसात दारूचं माप फार थोडं असतं आणि पुंगळीत बरीच जागा रिकामी राहते. चुकून दुप्पट माप पडलं तरी ते मावतं आणि नंतर गोळी बसली की बाहेरून काहीच दिसत नाही. ते पिस्तूल मग हातातच फुटू शकतं. माप कमी पडलं तर उलटा धोका, गोळी नळीत अडकते आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुगते. हे कारखान्याच्या काडतुसातही क्वचित होतं. म्हणून .३२ असो वा .२२, आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का कमी लागला आणि टार्गेटवर भोक नसलं तर लगेच थांबा. पुढचा शॉट नको. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, नळीतून सळई पार जाते का ते रेंज ऑफिसरसमोर बघा. ट्रिगर ओढला आणि काडतूस उडालंच नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा. पेट उशिरा घेणारं काडतूस हातात घेऊन बघण्याची घाई करायची नसते.

पैसे वाचवायचे असतील तर रस्ता दुसरा आहे. २५ मीटरच्या नेमबाजानेही निम्मा सराव एअर पिस्तुलावर आणि ड्राय फायरवर करावा. रॅपिड टप्प्यात तीन सेकंदांसाठी टार्गेट समोर येतं आणि सात सेकंद फिरलेलं राहतं. त्यात हात वर येताना ट्रिगरचा पहिला टप्पा दाबत आणणं ही सगळी मेख आहे, आणि ती मोबाइलवर ३-७ सेकंदांचा टायमर लावून एकही काडतूस न जाळता घोटता येते. मात्र .२२ पिस्तुलावर ड्राय फायर करताना चेंबरमध्ये प्लॅस्टिकचा प्लग हवा, नाहीतर पिन चेंबरच्या कडेवर आपटते. या पिस्तुलांना ट्रिगर १००० ग्रॅमचा असतो, एअर पिस्तुलासारखा ५०० चा नाही. काडतुसं विकत घेताना एकच लॉट घ्या, क्लबच्या नोंदवहीत आकडा लिहा, पुंगळ्या रेंजवरच जमा करा. डबा उन्हात किंवा गाडीत नको, शिशाच्या गोळीवरचं मेण पातळ होतं आणि मॅगझिनमध्ये चिकटून काडतुसं अडकतात.

प्रश्न : एअर पिस्तुलाला परवाना लागतो का?
– भोकरदन (जि. जालना)

कॅलिबर .१७७ म्हणजे ४.५ मिमी आणि नळीपाशी ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर लागत नाही. मॅचचं एअर पिस्तूल ०.४९ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटरने सोडतं, ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आसपास भरते. विकत घेताना ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. बिलाची प्रत पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा, एसटीत किंवा रेल्वेत कोणी विचारलं तर उपयोगी पडते. पिस्तूल उघडं नेऊ नका, अंगणात कोणाला दाखवायला काढू नका. दिसायला ते पिस्तूलच आहे.

प्रश्न : वाड्याची जुनी ढाळज आणि तिला लागून पत्र्याचं शेड, मिळून १३ मीटर लांबी मिळते. घरची रेंज करता येईल का?
– भूम (जि. धाराशिव)

छान जमेल. उभं राहण्याच्या रेषेपासून टार्गेटच्या कागदापर्यंत बरोबर १० मीटर, टेप ताणून मोजा. नेमबाज ढाळजेत उभा राहू दे आणि टार्गेट शेडमध्ये जाऊ दे, उलटं नको. मे महिन्यात पत्र्याखाली कोणी उभं राहू शकणार नाही आणि घामाने ग्रिप हातात सरकत राहील. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर. दोन्ही जमिनी एका पातळीत नसतील तर उंची उभं राहण्याच्या जागेपासून धरा, पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी पातळी काढतो तशी.

छर्रे अडवायला दोन-तीन मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा, वरची कड पुढे झुकवून ४५ अंशांत, खाली ट्रे. छर्रा पत्र्यावर आपटून खाली पडतो. पत्रा सरळ उभा ठेवला तर शिशाचे तुकडे उलटे येतात. त्यामागे आणि चहुबाजूंनी प्लायवूड. शेडला बाजूने दार असेल तर ते सरावाच्या वेळी आतून कडी लावून बंद, आणि ज्याच्या हातात पिस्तूल आहे त्याने ती कडी स्वतः बघायची. घरात लहान मुलं असतील तर ही अट मोडायची नाही.

उजेड टार्गेटवर किमान १५०० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं एकक) हवा. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप ढोबळ अंदाज देतं. दोन एलईडी टार्गेटच्या पुढे, वरून, नेमबाजाच्या डोळ्यात थेट येणार नाहीत असे लावा. वीज जाते तिथे इन्व्हर्टरवर जोडा. उजेड कमीजास्त झाला की फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंच्या फटी वेगळ्या भासतात आणि शॉट वरखाली सरकतात. शेड झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. झाडलं की शिशाची धूळ उडते आणि वाड्यात सगळ्यांच्या नाकात जाते.

प्रश्न : चष्मा लागला आहे. फ्रंट साइट धूसर दिसते. शूटिंगचा वेगळा चष्मा हवाच का?
– पैठण

आधी नेहमीच्या चष्म्याचा नंबर ताजा करून घ्या. मग डोळे तपासणाऱ्याला सांगा की मला हात लांब केल्यावर फ्रंट साइटच्या अंतरावर स्पष्ट दिसायला हवं, आणि ते अंतर टेपने मोजून न्या. दूरच्या नंबरात +०.५० च्या आसपासची भर घातली की बहुतेकांचं काम होतं. त्याहून जास्त घातली तर टार्गेट अगदीच विरघळतं. मान थोडी वळवून नेम धरताना आपण काचेच्या कडेतून बघतो आणि तिथे नंबर बदलतो. शूटिंगच्या फ्रेमचा खरा फायदा एवढाच की काच डोळ्यासमोर काटकोनात आणता येते. दुसरा डोळा मिटू नका, त्याने नेमाच्या डोळ्याचे स्नायूही ताणतात. त्याच्यापुढे ३० मिमीपर्यंत रुंदीची पांढुरकी पट्टी लावा, नियमात बसते.

प्रश्न : मनगटात देवाचा गंडा आहे. स्पर्धेत काढावा लागेल का?
– तुळजापूर

पिस्तुलाच्या हातात असेल तर हो. त्या हातात घड्याळ, कडं, पट्टा किंवा तसलं काहीही चालत नाही, कारण मनगटाला आधार मिळाला असं धरलं जातं. राखीचंही तेच. दुसऱ्या हातात बांधा. बूटही बघून घ्या, घोट्याचं हाड झाकणारे उंच बूट पिस्तुलाला चालत नाहीत.